झाडाला परवाना लागतो, मग हाताला?

पत्राचा सारांश

पत्रलेखिका सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यालगतच्या एका गावात ग्रामपंचायत सदस्य आहेत. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने गावातली कलमं, माड, फणस आडवे केले. तेव्हा त्यांच्या धाकट्या दिरांनी कर्ज काढून लाकूड कापायची कटर मशीन घेतली. आज घराचं निम्मं उत्पन्न त्या मशीनवर आहे. यंदा पावसाच्या तोंडावर गावातला एकवीस वर्षांचा मुलगा दुसऱ्याची मशीन रोजावर चालवत होता, तेव्हा त्याच्या मांडीत चेन गेली. ओरोसच्या रुग्णालयातून त्याला गोव्यात बांबोळीच्या रुग्णालयात हलवावं लागलं. पाय वाचला, पण तो लंगडतो. आता १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव यायचाय. मशीन चालवणाऱ्याला प्रशिक्षण आणि सुरक्षा साहित्य कायद्याने सक्तीचं करावं, त्याशिवाय गावात कुणालाही मशीन चालवू देऊ नये आणि चालवणाऱ्याला दंड करावा, अशी मागणी आहे. मसुदा करायचं काम पत्रलेखिकेकडे आलंय. दीर दुखावलेत. ‘वयनी, आमच्या पोटार पाय कित्याक देतास? धा वर्सा झाडा तोडतंय, माका आता कोण शिकवतलो?’ असं म्हणून ते उठून गेले, आणि चार दिवस घरच्या पंगतीला बसलेले नाहीत. पती म्हणतात, या भानगडीत पडू नको. पत्रलेखिका विचारतात: ही सक्ती योग्य आहे, की गरिबाच्या तोंडचा घास काढणारी आहे? आणि घर न मोडता हा ठराव मांडता येईल का?

प्रिय ताई,

तुम्ही विचारलंय कायद्याबद्दल. पण पत्राच्या दुसऱ्या पानावर तुम्ही सहज लिहून गेलात, की भाऊजींच्या मशीनचा आवाज लांबून ऐकू येत असतो तोवर बरं वाटतं, आणि तो मध्येच बंद पडला की हातातलं काम तसंच राहतं. ही ओळ घरच्या माणसाने लिहिली आहे, आणि ती वाचल्यावर मला वाटलं, ठराव मांडायचा की नाही हे तुमच्या मनात ठरलेलंच आहे. उरलाय तो प्रश्न कसा मांडायचा याचा.

माझं मत आधीच सांगते. सक्ती हवी. प्रशिक्षणाचीही हवी, साहित्याचीही हवी. पण ती कुणावर करायची, हे तुमच्या मसुद्यात उलटं झालंय. त्याकडे येतेच. आधी भाऊजींच्या बोलण्याकडे जाऊ, कारण तसं बोलणारे ते एकटे नाहीत. कोकणातल्या प्रत्येक गावात मशीनवाल्याचं हेच म्हणणं असतं.

दहा वर्षं झाडं तोडतोय, हे खरंच आहे. पण तुमच्याच पत्रातला हिशेब बघा. मशीन आली २०२१ नंतर. त्याआधीची वर्षं कुऱ्हाडीची, कोयतीची आणि दोघांनी ओढायच्या करवतीची. कुऱ्हाड चुकली तर घाव एकच बसतो, आणि तो माणसाच्या ताकदीएवढाच असतो. कटर मशीनची चेन सेकंदाला साधारण वीस मीटर वेगाने फिरते. काहीतरी चुकतंय हे कळून हात आवरायला पाव सेकंद लागतो असं धरलं, तरी तेवढ्यात पाच मीटर चेन अंगावरून गेलेली असते. त्या पाव सेकंदात दहा वर्षांचा अनुभवी आणि कालचा पोरगा सारखेच. फरक पडतो तो आधी: पाय कुठे ठेवायचे, बारचं, म्हणजे चेन ज्याच्या कडेने फिरते त्या लांब पट्टीचं, टोक कुठे लागू द्यायचं नाही, मशीन खांद्याच्या वर न्यायची नाही, हे ठाऊक असण्याने.

बारच्या टोकाचा वरचा भाग एखाद्या फांदीला किंवा गडग्याच्या चिऱ्याला टेकला, की मशीन किक मारते. बार उसळून सरळ चालवणाऱ्याच्या मानेकडे आणि तोंडाकडे येतो. पुढच्या मुठीसमोर जो आडवा पत्रा किंवा प्लास्टिकचा दांडा असतो, तो याचसाठी असतो. उसळी आली की तो पुढे ढकलला जाऊन चेन जागच्या जागी थांबते. हा चेन ब्रेक ‘मधी येता’ म्हणून काढून टाकलेल्या मशीन मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्यात, एकापेक्षा जास्त. काढणारे बेफिकीर नव्हते. तो कशासाठी आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

तौक्ते गेल्यावर तिसऱ्या दिवशीची गोष्ट सांगते. वीज नव्हती, फोन लागत नव्हते. आमच्या परसातला फणस मुळांसकट आडवा झालेला. बुंध्याला चिकटून लाल मातीची माणूसभर उंच भिंत उभी राहिलेली, आणि तिच्या मागे खड्डा. कापायला आलेला माणूस कष्टाळू, गावात नाव असलेला. हाफ पँट, पायात स्लिपर. माझा भाचा त्या खड्ड्यात उतरून गरीला लावायला गांडुळं गोळा करत होता. आईने चहाला हाक मारली म्हणून तो वर आला. इकडे बुंधा कापून मोकळा झाला, वरचा भार गेला, आणि ती मातीची भिंत गर्रकन उलटी फिरून धप्पकन खड्ड्यात बसली. खड्डाच उरला नाही. जमीन पुन्हा सपाट, आणि वर हातभर बुंधा सरळ उभा. मशीन बंद करून तो माणूस किती वेळ त्या बुंध्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘ह्या असा होता, ह्या माका कोणी सांगूकच नाय.’

त्याचं ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. वादळात पडलेलं झाड उभ्या झाडासारखं कापायचं नसतं. त्याच्यात ताण भरलेला असतो, वाकवून धरलेल्या बांबूसारखा. कुठल्या बाजूला लाकूड दबलंय आणि कुठल्या बाजूला ताणलंय हे आधी बघायचं, दबलेल्या बाजूने थोडा काप द्यायचा, मग ताणलेल्या. मुळांच्या भिंतीमागे कुणी नाही याची खात्री करूनच बुंधा सोडवायचा. उभ्या झाडाला ज्या बाजूला पाडायचं तिकडे खाच घ्यायची, मागून काप घेताना मधे न कापलेली पट्टी बिजागरीसारखी राखायची, आणि झाड कलायला लागलं की मागे तिरक्या वाटेने निघून जायचं. ती वाट काम सुरू करण्यापूर्वी झुडपं तोडून मोकळी केलेली असली पाहिजे. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात दुसरा माणूस नको. हे सगळं दोन-तीन दिवसांत हाताला धरून शिकवता येतं. अनुभवाने शिकायची वाट बघितली तर काय होतं, हे तुमच्या गावाने पाहिलंय.

आता कायदा. आपल्याकडे झाड तोडायला कायदा आहे. १९६४ चा महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायदा सांगतो की आंबा, फणस, आईन, किंजळ, खैर, जांभूळ अशी झाडं तोडायची तर आधी परवानगी घ्या. ती मिळवायला मारायचे हेलपाटे तुमच्या गावात सगळ्यांना पाठ असतील. त्या कायद्याचा हेतू झाड राखणं हा आहे आणि तो रास्त आहे. झाड तोडणाऱ्या माणसाच्या जिवाबद्दल मात्र त्यात काही नाही. कारखान्यात फिरतं यंत्र असेल तर त्याला आडोसा, जाळी लावणं १९४८ च्या कारखाना कायद्याने सक्तीचं केलं होतं, पण ते कारखान्यापुरतं. त्या कायद्याच्या जागी आलेली २०२० ची व्यावसायिक सुरक्षा संहिताही मुख्यतः दहा किंवा त्याहून जास्त कामगारांच्या आस्थापनांसाठी आहे. आपल्या वाडीत मशीनवाला एक, फांद्या ओढणारे दोघे, आणि सावलीत उभा मालक. हे चौघं कुठल्याच मोजणीत येत नाहीत.

तरी कायद्याची वाट अगदी कोरी नाही. मळणी यंत्रात हात जाण्याचे प्रकार देशभर होत होते, तेव्हा १९८३ साली संसदेने धोकादायक यंत्रं नियमन कायदा केला. त्यात यंत्र बनवणाऱ्यावर आणि विकणाऱ्यावर जबाबदारी टाकली, आणि यंत्र चालवताना मजुराला इजा झाली तर भरपाईची तरतूद केली. मला महत्त्वाचं वाटतं ते असं, की मळणी यंत्राशिवाय शेतीतली आणि गावातली दुसरी धोकादायक यंत्रंही केंद्र सरकारला अधिसूचना काढून त्या कायद्यात घेता येतील, अशी सोय त्यात ठेवलेली आहे. तुमच्या ठरावात ‘कडक कायदा करा’ असं मोघम लिहू नका. या कायद्याचं नाव लिहा आणि चेनसॉचा, म्हणजे आपल्या कटर मशीनचा, त्यात समावेश करावा असं लिहा. ठराव वरच्या कार्यालयात पोचल्यावर नेमकी मागणी असली तर तिला उत्तर द्यावं लागतं.

पण नुसता कायदा पुरत नाही, हेही तुम्हाला सांगितलं पाहिजे. हापूसवर फवारणी करणाऱ्या आपल्या लोकांना हे लगेच पटेल. कीटकनाशकं हाताळणाऱ्याला संरक्षक कपडे आणि प्रशिक्षण मिळालं पाहिजे, हे १९७१ च्या कीटकनाशक नियमांत लिहिलेलं आहे. आणि २०१७ साली यवतमाळमध्ये फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी, शेतमजूर मेले. नियम होऊन शेहेचाळीस वर्षं झाली होती. कपडे पुरवायचे कुणी, ते घातले की नाही हे बघायचं कुणी, हे बांधापर्यंत कधी पोचलंच नव्हतं.

म्हणून तुमच्या मसुद्यातल्या त्या कलमाकडे परत या: विनाप्रशिक्षण, विनासाहित्य मशीन चालवणाऱ्याला दंड. हे कलम यंदाच्या मे महिन्यात लागू असतं, तर दंड कुणाला झाला असता? त्या लंगडणाऱ्या मुलाला. मशीन ज्याची होती तो सुटला असता. ज्याच्या वाडीत काम चाललं होतं तोही सुटला असता. ज्या दुकानदाराने मशीन चालू करून दाखवली, पैसे घेतले आणि पेटीत बांधून दिली, त्याचा तर यात विषयच नाही. सगळ्यात कमी पैसे मिळवणाऱ्याच्या पायात सगळं ओझं. भाऊजींना राग आला तो याचा असेल, तर त्यांचा राग खोटा नाही.

सक्तीचा क्रम मी असा लावीन. पहिला विकणारा. मशीनसोबत हेल्मेट आणि पायाचं कवच दिल्याशिवाय आणि मराठीत लिहिलेली माहिती दिल्याशिवाय विक्री होऊ नये, दुकानातही नाही आणि घरपोच मागवतानाही नाही. शेती यंत्रांना राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरून अनुदान मिळतं. तिथे चेनसॉसाठी पैसे दिले जात असतील तर साहित्याचे पैसे त्याच बिलात धरावेत. दुसरा काम देणारा. मशीनचा मालक रोजावर माणूस लावत असेल तर साहित्य त्याने द्यायचं, मजुराच्या रोजातून कापायचं नाही. अमेरिकेत लाकूडतोडीच्या नियमांत हेच आहे, चेनसॉ चालवणाऱ्या कामगाराच्या पायाचं संरक्षण मालकाने फुकट पुरवायचं. आणि तिसरा चालवणारा. पैसे घेऊन दुसऱ्याची झाडं तोडतो त्याला प्रशिक्षणाचा दाखला लागावा. घरात वायरिंग करायला परवानाधारक माणूस लागतो, त्याच्या सहीशिवाय मीटर बसत नाही, आणि त्यामुळे वायरमनचं पोट बुडालं असं कुणी म्हणत नाही. तसंच हे. जो आपल्याच परसातली वाळकी काजू जळणासाठी कापतो, त्याला दाखल्याच्या फेऱ्यात अडकवू नये. ब्रिटनमध्येही १९९८ च्या नियमांनी कामावर चेनसॉ वापरणाऱ्याला प्रशिक्षण सक्तीचं आहे, स्वतःच्या आवारात स्वतःसाठी वापरणाऱ्याला ते बंधन नाही. त्याने शिकू नये असं नाही, उलट त्याला बोलावून शिकवावं. फक्त दंडाची भीती घालू नये.

आता ‘गरिबाच्या तोंडचा घास’. हा शब्द तुम्ही पत्रात दोनदा वापरलाय, म्हणून थोडं थांबून बोलते. सक्ती म्हणजे गरिबाचं नुकसान, हे आपण धरून चालतो. पण आज काय होतंय ते बघा. समजा भाऊजींनी आपल्या पैशाने हेल्मेट घेतलं, बूट घेतले, पायाचं कवच घेतलं, सोबत एक माणूस ठेवायचा नियम केला. त्यांचा दर वाढणार. शेजारच्या वाडीतला दुसरा मशीनवाला स्लिपर घालून एकटा येतो, तो कमी पैशात काम करून जाणार. पुढच्या वेळी मालक त्यालाच बोलावणार. म्हणजे जो जपून काम करतो त्याचंच काम जातं. सक्ती नसेल तर जपणाऱ्यालाच तोटा, अशी ही व्यवस्था आहे. नियम सगळ्यांना सारखा झाला तर साहित्याचा खर्च दरात धरता येतो आणि तो खर्च ज्याचं झाड त्याच्या खिशातून जातो, तिथूनच जायला हवा. आंब्याच्या जुन्या कलमांचं पुनरुज्जीवन करायला बागायतदार मशीनवाला बोलावतो, तेव्हा छाटणीनंतर कापलेल्या जागी लावायच्या बोर्डो पेस्टचे पैसे तो मोजतोच. कापणाऱ्याच्या पायाचे का मोजू नयेत?

ग्रामसभेला काय करता येतं आणि काय नाही, हे स्पष्ट ठेवा. गावात मशीन चालवायला बंदी आणि दंड, याला ग्रामसभेच्या ठरावाने कायद्याचं बळ येत नाही. तो वाद कुणी वर नेला तर तुमचा सगळाच ठराव हास्यास्पद ठरेल. पण स्वतःच्या कामावर अटी घालायचा पंचायतीला पूर्ण अधिकार आहे. पावसाळ्यापूर्वी रस्त्याकडेच्या धोकादायक फांद्या तोडणं, शाळेच्या, मंदिराच्या आवारातली झाडं, स्मशानभूमीचं लाकूड, ही कामं तुम्हीच देता. तिथे लिहा, की हेल्मेट, कवच, बूट आणि सोबत दुसरा माणूस असेल तरच काम, आणि त्याचा खर्च अंदाजपत्रकात धरलेला असेल. गावातल्या मोठ्या बागायतदारांना हीच अट स्वेच्छेने पाळायला सांगा. चार मोठ्या बागा तयार झाल्या की मशीनवाले आपोआप तयार होतात.

शिकवायचं कुणी? गावागावात चेनसॉचे वर्ग नाहीत. पण नारळाच्या बाबतीत आपल्याकडे एक नमुना झालाय. माडावर चढणारे मिळेनात, चढणारे पडून जायबंदी होत होते, तेव्हा नारळ विकास मंडळाने २०११ मध्ये केरळात ‘नारळाच्या झाडाचे मित्र’ अशा नावाने सहा दिवसांचं प्रशिक्षण सुरू केलं. चढायचं यंत्र दिलं, विमा दिला. जे काम कमीपणाचं मानलं जायचं त्याला त्यामुळे थोडी प्रतिष्ठा आली. याच धर्तीवर चेनसॉचा वर्ग घ्या, अशी मागणी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे, वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राकडे आणि जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्राकडे लेखी करा. पाच गावांचे मशीनवाले एकत्र केलेत तर वीस-पंचवीस जण सहज जमतील, आणि एवढी माणसं असली की शिकवायला यायला कुणी नाही म्हणत नाही. वर्ग दिवाळीच्या आधी व्हावा. पाऊस उघडला की तोडीचा हंगाम लागतो, मग कुणाला वेळ नसतो.

साहित्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण याच ठिकाणी पैसे वाया जातात. सगळं एकदम घेणं जमणार नसेल तर पायाच्या कवचापासून सुरुवात करा. याला चॅप्स म्हणतात, कमरेला बांधून मांडीवर आणि नडगीवर सोडायचं. मी एक फाटलेलं कवच उसवून पाहिलंय. वरच्या जाड कापडाखाली पांढऱ्या, लांबलचक, सुट्या धाग्यांचे थर असतात, पिंजून ठेवल्यासारखे. चिमटीत धरून एक ओढला तर वीतभर सहज बाहेर आला. चेन कापडात शिरली की हे धागे भसाभस ओढले जातात, चेनच्या दात्यांत आणि आतल्या चक्रात गुंडाळतात, आणि मशीन गुदमरून बंद पडते. जीन्स कितीही जाड असली तरी हे करू शकत नाही. लुंगी किंवा टॉवेल तर चेनमध्ये सापडून पायच आत ओढतो. एकदा चेन लागलेलं कवच टाकून द्यायचं, शिवून पुन्हा वापरायचं नाही.

त्याखालोखाल डोकं, कान, डोळे. हेल्मेटला पुढे जाळीचा पडदा आणि बाजूला कानाचे डबे असलेलं एकत्र मिळतं. काच घामाने धुरकटते, जाळी धुरकटत नाही. मशीनचा आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो. भाऊजी संध्याकाळी टीव्ही मोठ्याने लावत असतील तर ते त्यामुळेच असेल, एकदा कान तपासून घ्या. हेल्मेटवर आयएस २९२५ हा आकडा आणि आयएसआयची खूण बघून घ्या. बूट पुढे पोलादी टोपी असलेले, आयएस १५२९८ चे. स्लिपर घालून मशीन हातात घ्यायचीच नाही, यावर तडजोड नको.

उकाड्याचं काय, असं भाऊजी विचारतील आणि ते बरोबर विचारतील. ही कवचं थंड देशांत निघालेली आहेत. आपल्याकडे मे महिन्यात दमट हवेत गंजीफ्रॉकही सोसवत नाही. म्हणून पूर्ण पँट न घेता मागून उघडं राहणारं कवच घ्या. सकाळी लवकर सुरू करून दहा-साडेदहाला थांबा, मग चारनंतर. दुपारी कवच सोसवत नसेल तर दुपारी मशीन बंद. थकलेल्या, घामाने निसरड्या हातात ती तशीही घेऊ नये.

आणि ज्याला पैसा लागत नाही ते: एकट्याने जायचं नाही. सोबत जाड, स्वच्छ सुती कापड ठेवायचं. लागलं तर जखमेवर ते दाबून धरायचं आणि सोडायचं नाही. रक्त थांबलं का बघायला उघडायचं नाही, वरून आणखी कापड दाबायचं. १०८ ला फोन करायचा, आणि वाडीत रेंज कुठे मिळते हे काम सुरू करण्याआधी बघून ठेवायचं. शिडीवर उभं राहून मशीन चालवायची नाही. विजेच्या तारांजवळची फांदी महावितरणला कळवून, तार बंद करूनच.

विम्याचे कागदही त्याच ग्रामसभेत भरून घ्या. बँक खात्यातून वर्षाला २० रुपये जाणारा प्रधानमंत्री सुरक्षा विमा १८ ते ७० वयाच्या कुणालाही मिळतो. अपघाती मृत्यूला २ लाख, एक हात, एक पाय किंवा एक डोळा कायमचा गेला तर १ लाख. सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या घरातल्या एकाला गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतून मदत मिळू शकते. रोजावर मशीन चालवणाऱ्या भूमिहीन मुलाला ती मिळत नाही. त्याच्यासाठी मशीनच्या मालकाने निराळा विमा काढावा, ही ओळ ठरावात माझ्या मते असायलाच हवी.

राहिलं घर. ‘माका आता कोण शिकवतलो’ या वाक्यात राग कमी आणि अपमान जास्त आहे. भाऊजींच्या कानात ठराव असा पडलाय, की तुला येत नाही असं घरचीच वहिनी सगळ्या गावासमोर सांगणार आहे. ग्रामसभेत बोलायच्या आधी त्यांच्याशी बोला, आणि ठरावाच्या भाषेत नको. ‘भावजी, तुमका येना नाय असा मी म्हणूक नाय. आवाज बंद पडलो काय माझो जीव खाली-वर होता,’ एवढंच सांगा. पत्रात मला लिहिलंत ते अजून त्यांना सांगितलेलं दिसत नाही.

मग मसुदा त्यांच्यासमोर ठेवा आणि दंडाचं कलम त्यांच्या हाताने खोडू द्या. त्या जागी काय लिहायचं ते त्यांना विचारा. मशीनवाल्यांना काय परवडतं, कुठला मालक घाई करतो, कुठे पैसे अडकवून ठेवतात, हे तुमच्यापेक्षा त्यांना ठाऊक आहे. प्रशिक्षणाला येणाऱ्यांची यादी त्यांनाच करायला सांगा. ते नाहीच म्हणाले, तरी ठराव मांडा. काही दिवस जड जातील. पण तुम्ही तो मागे घेतलात आणि उद्या काही झालं, तर त्या घरात तुम्हाला राहणं अवघड होईल. तुमच्या यजमानांनाही हे शांतपणे सांगा.

त्या मुलाला ग्रामसभेला बोलावणार असाल तर आधी त्याला आणि त्याच्या आईला विचारा. त्याचा लंगडा पाय लोकांना दाखवायला म्हणून त्याला आणू नका. त्याला बोलायचं असेल तर पहिल्यांदा बोलू द्या, आणि त्याच्या औषधपाण्याचा खर्च मशीनच्या मालकाने किती दिला हा प्रश्न त्याच बैठकीत नावानिशी विचारा.

आणि एक छोटं काम आजच करून ठेवा. भाऊजींच्या पायाचं माप घ्या, कमरेपासून घोट्यापर्यंत. कवच लांबीला जास्त झालं तर चालताना पायात अडकतं, आखूड झालं तर नडगी उघडी पडते, आणि दुकानदार माप विचारत नाही.